विजेवर चालणारे ड्रिल मशीन : वापर, निगा आणि जिवाची काळजी



स्मरणिकेत धम्म, चळवळ, शिक्षण, आरक्षण या विषयांवरचे लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. त्यांत ड्रिल मशीनवरचा लेख कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. साखरा आणि सेनगाव तालुक्यातील आजूबाजूच्या गावांतून आपली मुले कामासाठी हिंगोलीला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्या-मुंबईला जातात. कोणी फर्निचरच्या कामावर असतो, कोणी फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, कोणी नळ फिटिंग करतो, कोणी कॅमेरे नाहीतर ए.सी. बसवतो. काम कोणतेही असो, हेल्पर म्हणून लागलेल्या मुलाच्या हाती लवकरच ड्रिल मशीन येते. "हे बटण दाब, भिंतीला लाव आणि रेट," एवढेच त्याला सांगितले जाते. बाकीचे तो चुकत-माकत शिकतो. मात्र विजेच्या कामात काही चुका अशा असतात की त्यातून शिकायला माणूस मागे राहत नाही.

या विषयाला आपल्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. लाकडाला भोक पाडण्याचे सामता आणि गिरमिट ही हत्यारे जुन्या गावगाड्यात सुताराच्या घरची. ज्यांच्या वाट्याला गावकीची कामे आली, त्यांच्या हातात हत्यार नव्हते आणि हत्याराची विद्याही नव्हती. आज यंत्र दुकानात मिळते आणि ते जात विचारत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा विजेच्या विकासाचा विषयही त्यांच्या खात्याकडे होता. देशातील दारिद्र्य हटवायचे तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, ही भूमिका त्यांनी १९४३ साली वीजविषयक धोरण समितीपुढे मांडली. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. वीज हवी आणि ती वापरणारा कामगार सुरक्षितही हवा, हे दोन्ही विचार त्यांनी सोबत ठेवले. आपणही ते सोबतच ठेवले पाहिजेत.

एक अनुभव

जयंतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. एका गावच्या विहारात बाबासाहेबांची मोठी तसबीर लावायची होती. ओळखीच्या माणसाकडून ड्रिल मशीन मागून आणले होते. मशीन जुने, लोखंडी अंगाचे. त्याची वायर तीन तारांची होती. पण कोणीतरी हिरवी तार कापून तिला दोन पायांची पिन बसवली होती, कारण म्हणे बोर्डात तिसरे छिद्रच नव्हते. मुलींनी नुकतीच फरशी धुतली होती. विहार म्हणून मी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून मी मशीन भिंतीला टेकवले आणि बटण दाबले.

पुढचे सगळे दोन-चार सेकंदांत घडले असेल. हाताची मूठ मशीनवर आवळली गेली आणि सोडू म्हटले तरी सुटेना. ओरडावेसे वाटत होते, पण आवाज फुटेना. स्क्रू हातात घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाने माझा चेहरा पाहिला आणि धावत जाऊन बोर्डातली पिन उपटली. मी खाली पडलो. खांदा पुढे कित्येक दिवस दुखत होता, पण जीव वाचला.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की, तेच मशीन महिनाभर तीन-चार जणांनी वापरले होते आणि कोणालाच काही झाले नव्हते. म्हणजे दोष त्या दिवशी उपजला नव्हता, तो आधीपासून होता. इतरांच्या पायातल्या चपलांनी आणि कोरड्या जमिनीने तो झाकून ठेवला होता. "आजवर काही झाले नाही" याचा अर्थ "यंत्र चांगले आहे" असा होत नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

यंत्राच्या पोटात काय असते?

ड्रिल मशीनच्या आत एक छोटी पण फार वेगाने फिरणारी मोटार असते. फिरणाऱ्या भागाला आर्मेचर म्हणतात आणि त्याच्या भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांना फिल्ड म्हणतात. फिरत्या आर्मेचरपर्यंत वीज पोचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन लहान ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर घासत असतात. हेच कार्बन ब्रश. पुढे दाते असलेली चाके मोटारीचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि शेवटी चक असतो. चकच्या तीन जबड्यांत बिट धरले जाते. आर्मेचरवरच एक पंखा बसवलेला असतो. अंगावरच्या खाचांतून तो हवा खेचतो आणि गुंडाळ्या थंड ठेवतो.

साध्या घरगुती मशीनला साधारण ५०० ते ६०० वॅट वीज लागते. २३० व्होल्टवर ६०० वॅटचे मशीन सुमारे अडीच अँपिअर प्रवाह घेते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

फ्यूज माणसाला वाचवत नाही

"घरात फ्यूज आहे, एम.सी.बी. आहे, मग भीती कसली?" असे अनेकांना वाटते. येथे साधा हिशेब करून पाहू. ओल्या अंगाचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. पन्नास-शंभर मिलिअँपिअर छातीतून काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. आणि आपला एम.सी.बी. किती अँपिअरचा? सहा, दहा किंवा सोळा. म्हणजे माणूस मरण्याइतका प्रवाह जात असला तरी एम.सी.बी.च्या लेखी काहीच घडलेले नसते. मशीन एकटेच त्याच्या दसपट प्रवाह घेत असते. फ्यूज आणि एम.सी.बी. हे वायरिंग जळू नये म्हणून असतात. माणसाचे रक्षण करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या तीन आहेत.

पहिली गोष्ट अर्थिंग. लोखंडी अंगाच्या मशीनला तिसरी, हिरवी तार असते. आतली फेजची तार सुटून अंगाला लागली, तर प्रवाह या तारेने जमिनीकडे निघून जातो. अर्थिंग चांगले असेल तर तो प्रवाह इतका मोठा असतो की फ्यूज उडतो. थ्री-पिनमधला वरचा पाय लांब आणि जाड असतो तो याचसाठी. तो सर्वांत आधी आत जातो आणि सर्वांत शेवटी बाहेर येतो. तो पाय कापणे किंवा हिरवी तार मोकळी सोडणे म्हणजे माणसाचा संरक्षक काढून टाकणे होय.

मात्र बोर्डाला तीन छिद्रे आहेत म्हणजे अर्थिंग आहेच, असे समजू नये. पुष्कळ घरांत ते छिद्र रिकामेच असते. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही उन्हाळ्यात अडचण येते. आपली जमीन काळी. चैत्र-वैशाखात ती भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते, पट्टी किंवा पाइप मातीपासून सुटा होतो आणि अर्थिंग निकामी होते. जयंती आणि बुद्ध पौर्णिमा नेमक्या याच दिवसांत येतात. म्हणून मार्चपासून पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात वरचेवर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट दुहेरी इन्सुलेशन. आज मिळणाऱ्या बहुतेक मशीनचे अंग जाड प्लास्टिकचे असते. त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. अशा मशीनला दोनच तारा असतात, हिरवी तार नसते आणि तो दोष नव्हे. मशीन विकत घेताना ही खूण पाहूनच घ्यावे. तथापि अंगाला तडा गेला असेल किंवा आत पाणी शिरले असेल, तर या खुणेचा काही उपयोग नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ई.एल.सी.बी. हिलाच आता आर.सी.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे ती सतत पाहत असते. वाटेत थोडा प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर फरक पडतो आणि ती डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तोडते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची मुख्यतः आगीपासून बचावासाठी असते. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर ती पडलीच पाहिजे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले तर ती तुम्हांला ओळखणार नाही. तेव्हा ई.एल.सी.बी. आहे म्हणून उघड्या तारांशी खेळू नये.

पिन लावण्याआधीची पाच मिनिटे

बटण दाबल्यानंतर माणसाच्या हातात फारसे काही राहत नाही. खरी काळजी त्याआधीची. मशीन नवे असो, जुने असो, मागून आणलेले असो, खालील गोष्टी दर वेळी पाहाव्यात.

१) वायर पिनपासून मशीनपर्यंत बोटांतून फिरवून पाहावी. जिथे ती मशीनमध्ये शिरते, तिथे वाकून वाकून ती आतून तुटते. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला, तर तेवढा भाग कापून वायर पुन्हा बसवून घ्यावी.

२) पिन तपासावी. पिन न लावता उघड्या तारा काडीने बोर्डात खोचण्याची पद्धत बांधकामावर सर्रास दिसते. ती बंद झाली पाहिजे. फेज आणि न्यूट्रल उलट लागले, एक तार सुटून अंगाला टेकली, की झाले.

३) तारांचे रंग ओळखावेत. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नव्या मशीनच्या वायरमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. या दोन पद्धतींत गल्लत करू नये.

४) बटण बंद आहे ना, ते 'लॉक' होऊन अडकलेले नाही ना, हे पाहून मगच पिन लावावी.

५) एक्स्टेंशन बोर्ड तीन तारांचा असावा आणि तार दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. रिळावर गुंडाळलेली तार पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचे रबर वितळते.

लोखंडी अंगाच्या मशीनला पिन लावल्यावर हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहावा. दिवा लागला तर मशीन बाजूला ठेवावे. पण दिवा लागला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये.

मंडपाच्या कामासाठी तारेवर आकडा टाकून वीज घेणे हे तर दुहेरी संकट. त्यात फ्यूज नाही, अर्थिंग नाही, ई.एल.सी.बी. नाही. सार्वजनिक कार्यक्रमासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, तिचा अर्ज वेळेवर करावा. ज्या महामानवाने देशाला कायदा दिला, त्यांच्या जयंतीचा दिवा कायदेशीर विजेवरच लागला पाहिजे.

विहारात काम करताना

विहारात आपण चपला बाहेर काढतो. हा आदर योग्यच आहे. पण अनवाणी पाय आणि धुतलेली फरशी मिळून जो धोका तयार होतो, तो मी भोगलेला आहे. यावर उपाय सोपे आहेत. भिंतीची कामे फरशी धुण्याआधी उरकावीत. काम करणाऱ्याने कोरड्या लाकडी फळीवर किंवा रबरी मॅटवर उभे राहावे. विहारातल्या कामासाठी रबरी तळाच्या स्वच्छ बुटांचा एक जोड वेगळा ठेवला, तरी त्यात अनादर काही नाही. तथागतांनी प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यायला शिकवले. जिवाचे रक्षण त्या कसोटीला नक्कीच उतरते.

उंचावर काम असेल तर शिडी लाकडाची किंवा बांबूची आणि कोरडी असावी. खाली एकाने शिडी धरावी आणि दुसऱ्याने बोर्डाजवळ थांबावे. माझा जीव बोर्डाजवळ पोचलेल्या मुलामुळेच वाचला. एकट्याने असे काम करूच नये.

जयंतीच्या तयारीत गळ्यात निळा रुमाल असतो. मशीन हातात घेताना तो काढून खिशात ठेवावा. गमछा, ओढणी, लोंबती बाही, मोकळे केस, हातातला दोरा, कडे यांपैकी काहीही फिरत्या चकमध्ये अडकले, तर सोडवायला वेळ मिळत नाही. सुती हातमोजे घालूनही मशीन चालवू नये, तेही बिटाला गुंडाळले जातात. डोळ्यांवर मात्र चष्मा हवाच, छताला भोक पाडताना तर हवाच हवा. सिमेंट-काँक्रीटची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून नाकावर मास्क लावावा. रोजचेच काम असेल तर साध्या रुमालावर न भागवता धुळीचा चांगला मास्क घ्यावा.

भोक पाडताना

बिट कामाप्रमाणे निवडावे. लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचे, भिंतीसाठी टोकाला कार्बाइडची चकती असलेले, लाकडासाठी मध्ये टोकदार खिळा असलेले. भिंतीचे बिट लोखंडात घातले तर ते जळते आणि लोखंडाचे बिट भिंतीत घातले तर मिनिटात बोथट होते. चकची चावी एकाच छिद्रात न फिरवता तिन्ही छिद्रांत फिरवून बिट घट्ट करावे, म्हणजे ते मधोमध बसते. चावी काढल्याशिवाय बटणाला हात लावू नये. चकमध्ये राहिलेली चावी गोळीसारखी उडते.

हॅमरची कळ फक्त वीट, दगड व काँक्रीटसाठी वापरावी. टाइल, लाकूड आणि लोखंड यांना हॅमर लावू नये. टाइलवर आधी चिकटपट्टी लावून, हॅमर बंद ठेवून, हळू वेगात सुरुवात करावी आणि टाइल पार झाल्यावरच हॅमर चालू करावा. लोखंडावर आधी पंचाने खूण करावी, मोठ्या भोकाआधी लहान भोक पाडावे आणि थेंबभर तेल सोडावे. बिट जितके जाड, तितका वेग कमी, हा नियम लक्षात ठेवावा. पत्रा किंवा पट्टी हाताने धरू नये, ती व्हाइसमध्ये किंवा क्लँपमध्ये आवळावी.

भिंतीत लपलेली वायरिंग हा दुसरा धोका. बोर्डापासून वायरचा पाइप बहुधा सरळ वर, सरळ खाली किंवा आडवा जातो. त्या रेषांवर भोक पाडू नये. शंका असेल तर त्या खोलीचा पुरवठा मेनमधून बंद करावा आणि मशीन दुसऱ्या खोलीतून तार आणून चालवावे. भिंतीच्या पलीकडे नळाचा पाइप आहे का, हेही विचारून घ्यावे. काँक्रीटमध्ये गज लागला, तर रेटू नये, जागा बदलावी.

मशीन दोन्ही हातांनी धरावे आणि बाजूची मूठ बसवलेली असावी. लोखंडाला भोक आरपार होण्याच्या क्षणी बिट अडकते आणि मशीनच उलटे फिरते. मनगट मोडते ते याच क्षणी. म्हणून शेवटी शेवटी जोर कमी करावा. बिट अडकले तर लगेच बटण सोडावे.

लाईट गेली तर

हा प्रश्न पुस्तकात कमी आणि आपल्या गावात जास्त. बटण 'लॉक' करून काम चालू आहे आणि मध्येच लाईट गेली. माणूस मशीन खाली ठेवून चहाला गेला. लाईट आली की ते मशीन आपोआप सुरू होते, जमिनीवर गरगर फिरते, तिथे खेळणाऱ्या पोराच्या पायात शिरते. म्हणून हातात धरून काम करताना बटण कधीही लॉक करू नये आणि लाईट गेल्याबरोबर बटण सोडून पिन काढून ठेवावी.

व्होल्टेज कमी असेल तेव्हाही जपून असावे. मशीन मंदावते, पंखाही मंदावतो, आणि आपण मात्र तेवढेच काम व्हावे म्हणून जास्त रेटतो. गुंडाळ्या तापतात आणि आर्मेचर जळते. आवाज बसला, वास आला, तर थांबावे. जड काम झाल्यावर मशीन एकदम बंद न करता अर्धा-एक मिनिट मोकळे फिरवावे, म्हणजे पंखा आतली उष्णता बाहेर काढतो.

निगा

निगा ठेवण्याआधी पिन काढावी. हा नियम बिट बदलतानाही तितकाच लागू आहे.

काम संपल्यावर कोरड्या कापडाने मशीन पुसावे आणि हवेच्या खाचांतली धूळ मऊ ब्रशने काढावी. छताला भोक पाडताना सगळी धूळ थेट मशीनमध्ये जाते, त्यामुळे त्यानंतर हे विसरू नये. पाण्याने धुऊ नये, रॉकेल-पेट्रोल लावू नये. चकच्या जबड्यांत धूळ साचली असेल तर झटकून तेलाचा एक थेंब सोडावा.

खाचांतून मोठ्या निळ्या ठिणग्या दिसू लागल्या किंवा मशीन अडखळत चालू लागले, तर कार्बन पाहावेत. बारीक ठिणगी नेहमीच दिसते, तिला घाबरण्याचे कारण नाही. कार्बन झिजून पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलावा आणि दोन्ही एकदमच बदलावेत. झिजलेल्या कार्बनवर मशीन चालवत राहिले, तर आर्मेचरचा तांब्याचा भाग खरवडला जातो. मग किरकोळ किमतीच्या कार्बनपायी अर्ध्या मशीनची किंमत मोजावी लागते. चाकांचे ग्रीस वाळले की आवाज कर्कश होतो. ते काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

वायर मशीनभोवती करकचून गुंडाळू नये, मोठे वेटोळे करावे. वायर धरून मशीन उचलू नये आणि पिन काढताना वायर ओढू नये. पावसाळ्यात मशीन ओलसर भिंतीजवळ ठेवू नये. बरेच दिवस पडून राहिलेले मशीन वापरण्याआधी वायरमनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्यावे.

शॉक बसला तर

अशा वेळी घाईने माणसाला हात लावू नये, नाहीतर दोघे जातात. आधी पिन काढावी किंवा मेन बंद करावी. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला मशीनपासून दूर ढकलावे.

मग तो बोलतो का, श्वास घेतो का, हे पाहावे. श्वास नसेल तर लगेच एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने छाती दाबण्यास सुरुवात करावी. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. शॉक लागलेल्याला मातीत पुरणे, तोंडात पाणी ओतणे, अंगारा लावणे यांत वेळ घालवू नये. अंधश्रद्धा सोडण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, तिची परीक्षा अशाच वेळी असते. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा, कारण त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

कमाई आणि कर्तव्य

हे यंत्र पोटाला भाकर देते. ज्यांना यात पुढे जायचे आहे त्यांनी केवळ हेल्पर राहू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. ते पूर्ण करून परवाना मिळवला तर रोजंदारीचा मजूर कंत्राटदार होऊ शकतो. बांधकामावर काम करणाऱ्या बांधवांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी अवश्य करावी. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. सुतार, लोहार, गवंडी अशी कामे स्वतःच्या हाताने करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद केलेली आहे. यांतले जे आपल्या हक्काचे आहे ते चौकशी करून घ्यावे.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. दर वर्षी जयंतीला आपण मशीन कोणाकडून तरी मागून आणतो. त्याऐवजी संस्थेने दुहेरी इन्सुलेशनचे एक मशीन, ३० मिलिअँपिअरची ई.एल.सी.बी. बसवलेला एक एक्स्टेंशन बोर्ड, दोन चष्मे आणि एक रबरी मॅट घेऊन विहारात ठेवावी. सोबत एक वही असावी. कोणी नेले, कधी आणले, वायर व पिन कशी होती, याची नोंद नेणाऱ्याने सही करून करावी. मंडपावरचा खर्च थोडा कमी केला तर एवढे सहज होईल, आणि ते यंत्र जयंतीखेरीज वर्षभर गरजू तरुणाला कामासाठी देता येईल.

पंचशीलातले पहिले शील जीव न घेण्याचे आहे. वायर सोललेली आहे, हिरवी तार कापलेली आहे, हे ठाऊक असताना ते यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे त्या शीलात बसत नाही. सम्यक आजीविका म्हणजे केवळ प्रामाणिक धंदा नव्हे. संध्याकाळी काम करणारा सुखरूप घरी परतला पाहिजे, हेही तिच्यात आले. आपल्या प्रत्येक कामगार बंधू-भगिनीने पिन लावण्याआधी पाच मिनिटे थांबावे, एवढीच या लेखामागची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!